महागाईच्या काळांतील एक उभयपक्षी करार : रोजगार हमीचा कायदा आणि उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर येथील कागद (१९७२–१९७९)

१. विषय व त्याची मर्यादा

जुन्या कागदपत्रांचा ज्यांस परिचय आहे त्यांस महर्गता हा शब्द नवा नाहीं. लष्कराच्या मुक्कामावरून आलेल्या पत्रांत दाण्याची व वैरणीची धारण आवर्जून कळविलेली असते. कारण धारण चढली कीं फौज बेदिल होते आणि फौज बेदिल झाली कीं मसलत फसते, हें लिहिणारास पक्कें ठाऊक असे. महर्गता व राजकारण यांचा संबंध एवढा जुना आहे. परंतु आमच्या संशोधनपर नियतकालिकांतून या संबंधाचा विचार बहुधा पेशवाईच्या अखेरीपाशीं थांबतो. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत महाराष्ट्रानें जी महागाई सोसली तिचे कागद अद्याप लोकांच्या घरांत, ट्रंकांत व माळ्यांवर आहेत. ते पुरेसे जुने वाटत नाहींत म्हणूनच ते झपाट्यानें रद्दींत जात आहेत.

प्रस्तुत लेखाचा विषय १९७२ ते १९७९ या सात वर्षांतील एक करार हा आहे. करार म्हणजे दोन पक्षांनीं सह्या केलेला कागद नव्हे. सरकारपक्ष व विरोधी पक्ष महागाईच्या कारणांविषयीं कडाक्यानें भांडत असतां, त्या महागाईंत सर्वांत अधिक भरडल्या जाणाऱ्या खेड्यांतील मजुरास काम देण्याची हमी राज्यानें घ्यावी आणि तिच्या खर्चाचा मोठा वांटा शहरांनीं उचलावा, या एका गोष्टीवर त्यांचें एकमत झालें. महाराष्ट्राचा रोजगार हमी कायदा हें त्या एकमताचें फळ होय. हें एकमत खरें होतें कीं मागाहून रचलेली आख्यायिका आहे. खरें असल्यास तें कशानें टिकलें. आणि त्याचा पुरावा कोठें पहावयाचा, हे तीन प्रश्न येथें घेतले आहेत. पुराव्यासाठीं ठाणें जिल्ह्यांतील उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर हीं तीन शेजारगांवें मुद्दाम पुढें ठेवलीं आहेत; कारण हमीचा खर्च ज्यांच्या पगारांतून व दुकानांतून वळता झाला, त्या लोकांची वस्ती येथें दाट आहे.

२. प्रदेश

अंबरनाथचें नांव घेतांच संशोधकास तेथील शिवालय व त्यावरील शके ९८२ चा, म्हणजे इ. स. १०६० च्या सुमाराचा, शिलालेख आठवतो. शिलाहार महामंडलेश्वर माम्वाणि याच्या वेळचा हा लेख होय. त्यांतील शकाचा आंकडा प्रथम ७८२ असा वाचला गेला होता व पुढें ९८२ हें वाचन ग्राह्य ठरलें. एका अंकानें दोनशें वर्षांचा फरक पडला. ही गोष्ट पुढें कालनिर्णयाच्या कलमांत उपयोगी पडेल.

विसाव्या शतकांत अंबरनाथची ओळख कारखान्यांनीं बदलली. १९२३ सालीं स्थापन झालेल्या वेस्टर्न इंडिया मॅच कंपनीचा, म्हणजे विमकोचा, आगपेट्यांचा कारखाना येथें होता. स्वातंत्र्यानंतर संरक्षणखात्याचे आयुधनिर्माणीचे कारखाने आले व मागाहून औद्योगिक वसाहत वाढली. उल्हासनगर हें मुळांत दुसऱ्या महायुद्धांत बांधलेली कल्याणची लष्करी छावणी. १९४७ च्या फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांस त्या बराकींत आसरा मिळाला, आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजीं गव्हर्नर जनरल चक्रवर्ति राजगोपालाचारी यांच्या हस्तें त्या वस्तीस उल्हासनगर हें नांव मिळालें. त्याचे पांच विभाग अजून कँप नंबर एक ते पांच या जुन्या लष्करी नांवांनींच ओळखले जातात. निर्वासितांनीं येथें दुकानें व छोटे कारखाने उभारले. शेजारीं शहाडास सेंच्युरी रेयॉनचा मोठा कारखाना निघाला. बदलापूर हें घोडे बदलण्याच्या टप्प्याचें ठिकाण म्हणून त्यास तें नांव पडलें, अशी लोकव्युत्पत्ति सांगतात. कल्याणहून कर्जतकडे जाणाऱ्या लोहमार्गावरील हें गांव मुंबईस व ठाण्यास नोकरीसाठीं ये-जा करणाऱ्या चाकरमान्यांचें झालें.

महागाईच्या दृष्टीनें या मुलुखांत तीन प्रकारचे लोक दिसतात. पहिला संघटित कारखान्यांतील व सरकारी खात्यांतील नोकर. त्याच्या पगारास महागाई भत्त्याची जोड असे. भाव चढले कीं मागून कां होईना, भत्ता चढे. दुसरा दुकानदार व छोटा कारखानदार. त्याचा माल महाग झाला कीं विक्रीची किंमतही वाढविण्याची थोडी तरी सोय त्याच्या हातीं होती. तिसरा याच जिल्ह्यांतील मुरबाड, शहापूर, आणि त्या वेळीं ठाणें जिल्ह्यांत असलेल्या जव्हार व मोखाडा या तालुक्यांतील रोजंदारीचा मजूर. त्यास भत्ता नाहीं, विकावयास माल नाहीं, आणि पाऊस गेला कीं मजुरीही नाहीं. पहिल्या दोघांनीं तिसऱ्याचा भार कांहीं अंशीं उचलावा, हाच या कराराचा गाभा आहे.

३. पूर्वीचे उपाय

महर्गता झाली असतां राजसत्तेनें काय करावें, याचें आमच्याकडील जुनें उत्तर दोन प्रकारचें आहे. शहरांत निरख आणि खेड्यांत सूट व तगाई. पेशवाईंत पुण्याच्या कोतवालाकडे बाजारांतील निरखांवर देखरेख असे. खेड्यांत पीक बुडाल्यास साऱ्यांत सूट मिळे, बीबियाण्यास व बैलांस तगाई मिळे, आणि परागंदा झालेल्या कुळांस कौल देऊन परत आणीत. हे उपाय कित्येकदां उदारपणें योजले गेले. परंतु त्यांचा आधार हुजुराची मर्जी हा होता. रयतेचा हक्क म्हणून त्यांत कांहीं नव्हतें.

इंग्रजी अमलांत १८७६–७८ च्या दुष्काळांत खडी फोडण्याचीं व रस्त्यांचीं कामें निघालीं. सर रिचर्ड टेंपल यांच्या धोरणानें मजुरी रोजच्या एक रत्तल धान्याच्या व वर थोड्या पैशांच्या मापापर्यंत खालीं आली, तेव्हां मुंबई इलाख्यांत हजारों मजूर कामें सोडून निघून गेले आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेनें त्यांची बाजू मांडली. हा प्रसंग विसरतां कामा नये. सरकारी कामावरील भुकेल्या मजुरानें दराबद्दल तक्रार करणें आणि शहरांतील सुशिक्षितांनीं ती उचलून धरणें, या दोन्ही गोष्टी पुढें शंभर वर्षांनीं पुन्हां घडल्या. त्या दुष्काळानंतर दुष्काळसंहिता तयार झाल्या. पण त्यांतही अगोदर सरकारनें दुष्काळ जाहीर करावा व मग कामें निघावीं, असाच क्रम होता.

दुसऱ्या महायुद्धांत भाव भडकल्यावर १९४३ सालीं मुंबईंत शिधावांटप सुरू झालें. १९४७ च्या डिसेंबरांत धान्यावरील नियंत्रणें उठूं लागलीं व भाव चढल्यावर १९४८ सालीं तीं पुन्हां आलीं. कल्याणच्या छावणींत नुकत्याच उतरलेल्या कुटुंबांस हा चढउतार संसाराच्या पहिल्याच वर्षांत भोगावा लागला. शिधापत्रिका हा घरांतील महत्त्वाचा कागद झाला तो याच काळांत.

४. १९७२–७४ : दुष्काळ, महागाई व कलह

१९७० पासून पावसानें ओढ दिली आणि १९७२ सालीं महाराष्ट्राच्या मोठ्या भागांत पिकें हातचीं गेलीं. १९७३ च्या उन्हाळ्यांत दुष्काळी कामांवर सुमारें ५० लक्ष माणसें होतीं. पाझर तलाव, नालाबांध, विहिरी, रस्ते व खडी हीं त्या कामांचीं नांवें. रेशनवर मिळणारा परदेशी मिलो आणि कामावर वांटली जाणारी सुकडी हे शब्द त्या पिढीच्या तोंडीं कायमचे बसले. पुष्कळ कुटुंबें गांव सोडून मुंबई-ठाण्याच्या बाजूस आलीं.

दुष्काळ ओसरतो न ओसरतो तोंच १९७३ च्या ऑक्टोबरानंतर खनिज तेलाच्या किंमती जगभर उसळल्या. देशांतील घाऊक किंमती १९७३–७४ मध्यें सुमारें २० टक्क्यांनीं व १९७४–७५ मध्यें सुमारें २५ टक्क्यांनीं वाढल्या. स्वतंत्र भारतानें एवढी भाववाढ पूर्वीं पाहिली नव्हती.

या काळांत सरकारपक्ष व विरोधी पक्ष यांत सलोखा होता असें मुळींच नाहीं. मुंबईंत महागाई प्रतिकार संयुक्त महिला समिति उभी राहिली. तींत समाजवादी मृणाल गोरे व प्रमिला दंडवते, मार्क्सवादी अहिल्या रांगणेकर, भारतीय कम्युनिस्ट पक्षाच्या तारा रेड्डी या निरनिराळ्या झेंड्यांखालच्या स्त्रिया एकत्र आल्या. हातांत लाटणीं व थाळ्या घेऊन निघालेले त्यांचे मोर्चे धान्य, तेल, साखर व रॉकेल रास्त भावानें मिळावें एवढीच मागणी करीत. ग्रामीण भागांत दुष्काळी कामांवरील मजुरांची संघटना करण्यांत लाल निशाण पक्षाचे दत्ता देशमुख प्रभृति पुढारी होते. मजुरीचा दर, कामाचें मोजमाप व वेळेवर पगार हे त्यांचे मुद्दे. १९७४ च्या मे महिन्याच्या ८ तारखेपासून २७ तारखेपर्यंत जॉर्ज फर्नांडिस यांच्या नेतृत्वाखालीं देशव्यापी रेल्वे संप झाला व सरकारनें तो कठोरपणें मोडला. कल्याण हें त्या मार्गावरील मोठें जंक्शन. उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर येथील चाकरमान्यांचें सारें जीवनच त्या लोहमार्गाशीं बांधलेलें होतें. पुढें २५ जून १९७५ रोजीं आणीबाणी पुकारली गेली आणि मृणाल गोरे व जनसंघाचे रामचंद्र काशिनाथ म्हाळगी यांच्यासारखे विरोधी आमदार बंदिवासांत गेले.

इतका कलह चालू असतां एकमत कोणत्या गोष्टीचें झालें, हें पाहण्यापूर्वीं एकमतावांचून झालेल्या उपायांचें काय झालें तें पाहूं.

५. एकतर्फी उपाय व त्यांचें आयुष्य

१९७३ च्या रबी हंगामांत केंद्र सरकारनें गव्हाचा घाऊक व्यापार आपल्या हातीं घेतला. व्यापाऱ्यांचा विरोध व खरेदींतील तूट यांमुळें वर्षभरांतच, १९७४ सालीं, तो प्रयोग सोडून द्यावा लागला.

१९७४ च्या जुलैंत केंद्रानें वटहुकूम काढून नोकरदारांची वेतनवाढ व वाढीव महागाई भत्त्याचा अर्धा भाग सक्तीनें ठेवींत वळता केला. बाजारांतील पैसा आटवून भाव खालीं आणणें हा त्यांतील हेतु. अर्थशास्त्रदृष्ट्या त्याचें समर्थन करतां येईल, आणि १९७५–७६ सालीं घाऊक किंमती खरोखरच किंचित् उतरल्या. परंतु ज्याच्या पगारांतून रक्कम कापली गेली त्यास ती कोणासाठीं कापली, हें कोणीं पटवून दिलें नाहीं. कामगार संघटना विरुद्ध गेल्या, आणि रक्कम शेवटीं हप्त्यांनीं परत करण्यांत आली. आयुधनिर्माणींत काम करणाऱ्या केंद्रीय नोकराच्या त्या वर्षांच्या पगारपत्रकांत ही सक्तीची ठेव दिसावयाची. पुढील पत्रकांतून ती नाहींशी होते.

हे दोन्ही उपाय वाईट हेतूनें योजले होते असें म्हणावयाचें नाहीं. त्यांस मालक एकच होता, म्हणून तो डळमळतांच तेही डळमळले, एवढेंच दाखवावयाचें आहे.

६. उभयपक्षी उपाय

महाराष्ट्र विधानपरिषदेचे सभापति विठ्ठल सखाराम पागे हे या योजनेचे जनक. सांगली जिल्ह्यांतील तासगांव तालुक्यांत विसापूर येथें १९६५ सालीं त्यांच्या पुढाकारानें एक लहान प्रयोग झाला : गांवांत जो काम मागेल त्यास काम द्यावयाचें, आणि तें काम जमीन व पाणी यांची सुधारणा होईल असें निवडावयाचें. पागे काँग्रेसचे, पण सभापतीच्या आसनामुळें सभागृहांतील सर्व बाजूंशीं त्यांचा सारखा संबंध होता. मुख्यमंत्री वसंतराव नाईक यांच्या कारकीर्दींत १९७२ सालीं ही योजना राज्यभर नेण्याचें ठरलें. लगेच दुष्काळ कोसळल्यानें तिची जागा कांहीं काळ दुष्काळी कामांनीं घेतली; तीं कामें आवरतीं घेतांना हमीची योजना पुन्हां पुढें आली.

तिला पैसा कोठून आणावयाचा हा खरा प्रश्न होता. त्याचें उत्तर १९७५ च्या व्यवसाय कराच्या कायद्यानें दिलें. हा त्या वर्षाचा महाराष्ट्र अधिनियम क्रमांक १६. अंमल १ एप्रिल १९७५ पासून. पगारदारांच्या पगारांतून दरमहा थोडी रक्कम कापावयाची, वकील, वैद्य, व्यापारी इत्यादिकांनीं वर्षास ठराविक रक्कम भरावयाची, आणि ती सर्व रोजगार हमीच्या निधींत जावयाची. संविधानाच्या २७६ व्या अनुच्छेदानें या कराची कमाल मर्यादा त्या वेळीं माणशीं वर्षास २५० रुपये होती. ती १९८८ सालीं घटनादुरुस्तीनें २५०० रुपये झाली. याशिवाय मोटारवाहनांवरील जादा कर, विक्रीकरावरील अधिभार, बागायती जमिनींवरील आकार व शहरांतील बिगर-रहिवासी इमारतींवरील रोजगार हमी उपकर यांचें उत्पन्न निधीस जोडलें गेलें. या करांतून जेवढी रक्कम जमेल तेवढीच राज्य सरकारनें आपल्या तिजोरींतून घालावयाची, अशी व्यवस्था होती.

हा कर ज्या वर्षीं बसला तें वर्ष लक्षांत घ्यावें. भाव नुकतेच दोन वर्षांत जवळजवळ दीडपट झाले होते. शहरांतील पगारदार स्वतःच त्रासलेला होता. अशा वेळीं त्याच्यावर नवा कर बसविणें हें कोणत्याही सरकारास धोक्याचें, आणि विरोधी पक्षास तर आयतें हत्यार. विरोधी पक्षांनीं तें हत्यार उगारलें नाहीं. हीच त्यांची या करारांतील खरी देणगी होय. सरकारपक्षाची देणगी अशी कीं, जमलेला पैसा सर्वसाधारण खर्चांत विरून न जातां एका नांवाच्या निधींत वेगळा राहील, हें त्यानें कायद्यानें बांधून घेतलें.

१९७७ सालीं देशांत सत्तापालट झाला. त्याच वर्षीं ठाणें लोकसभा मतदारसंघांतून म्हाळगी जनता पक्षातर्फे निवडून आले. राज्यांत मात्र वसंतदादा पाटील यांचें काँग्रेस मंत्रिमंडळ होतें. त्या मंत्रिमंडळानें रोजगार हमीचें विधेयक मांडलें आणि दोन्ही सभागृहांनीं तें एकमतानें संमत केलें. त्याचीं मुख्य कलमें येणेंप्रमाणें :

(अ) ग्रामीण भागांतील जो प्रौढ इसम अंगमेहनतीचें काम करण्यास तयार असेल त्यास तें मिळण्याचा हक्क आहे.
(आ) मागणी केल्यापासून पंधरा दिवसांत काम द्यावें; न दिल्यास बेकारी भत्ता द्यावा.
(इ) कामाच्या खर्चापैकीं निदान साठ टक्के रक्कम मजुरीवर जावी.
(ई) मजुरी कामाच्या मापानें, आणि स्त्रीपुरुषांस एकाच दरानें.

कोतवालाचा निरख, हुजुराची तगाई व इंग्रजांची दुष्काळसंहिता यांहून या कायद्याची जात वेगळी आहे. काम केव्हां काढावयाचें हें आतां देणारा ठरवीत नाहीं, मागणारा ठरवितो. आणि काम न मिळाल्यास देणाऱ्यास दंड आहे.

७. कालनिर्णय

या कायद्याचें वर्ष निरनिराळ्या ग्रंथांत व भाषणांत १९६५, १९७२, १९७५, १९७७, १९७८ व १९७९ असें सहा प्रकारांनीं आढळतें. अंबरनाथच्या शिलालेखांतील एका अंकाची गोष्ट येथें आठवावी. तेथें एकच आंकडा चुकीचा वाचला गेला होता. येथें सहाही आंकडे बरोबर आहेत, परंतु ते सहा वेगळ्या गोष्टींचे आहेत. १९६५ हें विसापूरच्या प्रयोगाचें वर्ष. १९७२ हें योजना राज्यव्यापी करण्याच्या निर्णयाचें. १९७५ कराचें. १९७७ विधेयक संमत होण्याचें, म्हणून कायद्याच्या नांवांत तेंच आहे. १९७८ राष्ट्रपतींच्या संमतीचें व अधिनियम क्रमांक २० म्हणून नोंद होण्याचें. आणि २६ जानेवारी १९७९ ही अंमलाची तारीख.

या अनुक्रमांतच पहिल्या प्रश्नाचें उत्तर आहे. कायदा संमत झाला काँग्रेसच्या मंत्रिमंडळांत. अमलांत आला शरद पवार यांच्या पुरोगामी लोकशाही दलाच्या मंत्रिमंडळांत, ज्यांत जनता पक्ष व शेतकरी कामगार पक्ष सामील होते व शेतकरी कामगार पक्षाचे एन. डी. पाटील सहकारमंत्री होते. १९८० सालीं काँग्रेस परत आली तेव्हां कायदा राहिला. १९९५ सालीं शिवसेना–भाजप युति आली तेव्हांही राहिला. १९९९ च्या सत्तांतरांतही राहिला. एकमतानें ठराव करणें सोपें असतें, कारण सभागृहांत हात वर करण्यास फार वेळ लागत नाहीं. सत्तांतर ही एकमताची खरी कसोटी. ज्याचा शिक्का त्याचेंच चलन अशी रीत असतां, एकाच्या टांकसाळींत पाडलेलें नाणें दुसऱ्यानें चालूं ठेवलें, यावरून तें एकमत अस्सल होतें असें निष्पन्न होतें. २००५ सालीं केंद्रानें ग्रामीण रोजगार हमीचा जो कायदा केला त्यापुढें महाराष्ट्राचाच कित्ता होता.

८. एकमत कां झालें व त्याच्या उणिवा

एकमत अस्सल होतें याचा अर्थ तें केवळ परोपकारबुद्धीनें झालें असा नाहीं. प्रत्येक बाजूचा त्यांत हितसंबंध होता. ग्रामीण आमदारांस, ते कोणत्याही पक्षाचे असोत, आपल्या मतदारसंघांत पाझर तलाव, बांध व रस्ते हवे होते. बागायतदारांस त्यांतून पाणी मिळत होतें. डाव्या पक्षांस कायद्यानें एक हत्यार मिळालें : मजुरांचा अर्ज घेऊन तहसिलीवर जातां येई व पंधरा दिवस मोजतां येत. शहरांस दुष्काळी मुलुखांतून येणारा माणसांचा लोंढा थांबावयास हवा होता. उल्हासनगर ते बदलापूर या पट्ट्यांत घरें, पाणी व गाडींतील जागा यांची जी टंचाई होती ती पाहतां, खेड्यांतील माणसास खेड्यांतच काम मिळावें हें शहरवासीयांच्याही सोयीचें होतें. देखरेखीसाठीं विधिमंडळाची रोजगार हमी योजना समिति नेमली जाई व तींत सर्व पक्षांचे सभासद असत. यामुळें विरोधी पक्षास बाहेरून दगड मारण्याऐवजीं आंत बसून हिशेब विचारण्याची जागा मिळाली.

उणिवाही स्पष्ट सांगितल्या पाहिजेत. मजुरीचे दर दीर्घ काळ अगदीं कमी होते. १९८८ सालीं ते सुमारें दुप्पट झाले, परंतु त्यानंतर कामांचें प्रमाण घटलें. म्हणजे दर वाढला तेव्हां हमीचा हात आखडला गेला. हजेरीपत्रकांवर खोटीं नांवें चढविल्याच्या तक्रारी जिल्ह्याजिल्ह्यांतून आल्या. पुष्कळ कामें अर्धवट राहिलीं. पंधरा दिवसांनंतरचा बेकारी भत्ता कागदावर होता. तो प्रत्यक्ष हातीं पडलेले मजूर विरळा. पुढें पुढें करांचें उत्पन्न वाढत गेलें आणि कामांवरील खर्च त्या मानानें मागें पडला. शहरानें दिलेला पैसा ज्याच्या नांवानें घेतला त्याच्यापर्यंत पूर्णपणें पोंचला नाहीं. एकमताचा हा एक दोष आहेच. ज्या गोष्टीबद्दल कोणीच भांडत नाहीं, तिच्याकडे पुढें कोणीच नीट पाहत नाहीं.

तथापि महागाईवरील उपाय म्हणून या कराराची योग्यता कमी होत नाहीं. भाव खालीं आणणें राज्य सरकारच्या हातीं नव्हतें; चलन, आयात व तेल हीं केंद्राच्या व जगाच्या हातचीं. महागाई कोणावर किती पडावी एवढेंच राज्यास ठरवितां येत होतें, आणि तेवढें त्यानें ठरविलें.

९. संग्राहकांस विनंति

आतां तिसरा प्रश्न : पुरावा कोठें पहावयाचा ? कायदे, विधिमंडळाचे कार्यवृत्तांत व अहवाल हे ग्रंथालयांत सुरक्षित आहेत. परंतु करार माणसांच्या जीवनांत कसा उतरला तें सांगणारे कागद निराळे. पहिला कागद पगारपत्रकाचा. अंबरनाथच्या कारखान्यांतील कामगाराचें १९७५ नंतरचें कोणतेंही पगारपत्रक घ्यावें. जमेच्या बाजूस महागाई भत्ता आणि वजावटीच्या बाजूस व्यवसाय कर, अशा दोन ओळी त्यांत समोरासमोर असतात. महागाईबद्दल शहरास काय मिळालें व महागाईबद्दल शहरानें काय दिलें, हा सारा ताळेबंद या दोन ओळींत आहे. १९७४ पासूनचीं पत्रकें ओळीनें मिळाल्यास सक्तीची ठेव केव्हां आली व केव्हां गेली, व्यवसाय कर केव्हां आला व कसा राहिला, हें महिन्यामहिन्यानें दाखवितां येईल.

दुसरा कागद नगरपालिकेच्या घरपट्टीच्या बिलाचा. उल्हासनगरांतील दुकानाच्या किंवा कारखान्याच्या बिलांत शिक्षण कराच्या शेजारीं रोजगार हमी कराची ओळ असते. ज्याच्या वाडवडिलांनीं निर्वासितांच्या छावणींत सरकारी शिध्यावर संसार मांडला, त्याच्या दुकानाच्या बिलांत मोखाड्याच्या मजुराच्या रोजगाराचा वांटा लिहिलेला आहे, ही गोष्ट एखाद्या ताम्रपटाइतकीच इतिहासास उपयोगी आहे. तिसरा वर्ग शिधापत्रिकांचा. त्यांवरील मिलो, गहूं, साखर व रॉकेल यांच्या नोंदी म्हणजे त्या काळचे घरोघरचे निरख होत. चौथा हस्तपत्रकांचा व मोर्चांच्या निमंत्रणांचा. पांचवा कामावरील हजेरीपत्रकांचा व ओळखपत्रांचा. सहावा लोकप्रतिनिधींनीं मतदारांस छापून दिलेल्या कार्यवृत्तांचा. म्हाळगी आपल्या कामाचा अहवाल मतदारांपुढें नियमानें ठेवीत, आणि अशीं वृत्तें ठाणें जिल्ह्यांतील घरांत मिळण्याजोगीं आहेत.

हे कागद गोळा करतांना जुन्या रुमालांस लावतों तेच नियम लावावे. एकाच घराचे कागद एकत्र ठेवावे. निवडक सुंदर पत्रकें काढून बाकीचीं टाकूं नयेत, कारण अशा कागदांचें मोल त्यांच्या ओळीनें लागण्यांत आहे. कोणत्या घरांतून व कोणत्या सालच्या गठ्ठ्यांतून कागद आला, याची चिठ्ठी त्यास जोडावी. घरधन्याचें नांव व व्यक्तिगत तपशील त्याच्या अनुमतीवांचून छापूं नयेत. विशेष गोष्ट ही कीं १९७० नंतरचा कागद हलक्या प्रतीचा व शाई उडणारी आहे. पेशवे दप्तरांतील हातकागद दोनशें वर्षें टिकला, हा पन्नास वर्षांतच पिवळा पडून तुटूं लागला आहे. कारखाने बंद पडले, चाळी पाडल्या गेल्या, घरें बदललीं, कीं हे गठ्ठे प्रथम बाहेर निघतात.

तात्पर्य, १९७२ ते १९७९ या वर्षांत महाराष्ट्राच्या दोन्ही पक्षांनीं महागाईचा दोष कोणाचा या प्रश्नावर एकमत केलें नाहीं व करण्याची आवश्यकताही त्यांस भासली नाहीं; भार कोणीं किती उचलावा या प्रश्नावर तें केलें, आणि तें लहान रकमेच्या, नांव घातलेल्या करावर उभें केलें. त्या कराराची मूळ प्रत मुंबईच्या सचिवालयांत असेल. त्याच्या हजारों नकला कल्याण–कर्जत मार्गावरील घरांच्या माळ्यांवर आहेत. त्या वेळींच हस्तगत करणें हें या मंडळाच्या सभासदांचें काम आहे.